‘तमस’चा प्रेक्षक आणि नागपूरचे एक वाक्य

सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी १९८८ रोजी दिलेले ‘रमेश विरुद्ध भारत सरकार’ हे निकालपत्र आकाराने फार मोठे नाही. न्यायमूर्ती सब्यसाची मुखर्जी आणि न्यायमूर्ती एस. रंगनाथन यांच्यापुढे प्रश्न एकच होता. दूरदर्शनवर सुरू असलेली ‘तमस’ ही मालिका बंद पाडायची की पुढे चालू द्यायची? मालिका गोविंद निहलानींची होती आणि फाळणीच्या आधीच्या दंगलींवर होती. तिच्यात हिंदू, मुसलमान आणि शीख पात्रे एकमेकांचे गळे कापताना दिसत होती, एकमेकांना घरात लपवतानाही दिसत होती. अर्जदाराचे म्हणणे असे, की हे पाहून प्रेक्षक भडकेल. न्यायालयाने अर्ज फेटाळला. तो फेटाळताना मापदंड म्हणून जे वाक्य पुढे ठेवले, ते दिल्लीत लिहिलेले नव्हते. ते नागपूर उच्च न्यायालयातले होते, न्यायमूर्ती विवियन बोस यांचे. ‘भगवती चरण शुक्ल विरुद्ध प्रांतिक सरकार, मध्यप्रांत व वऱ्हाड’ या खटल्यातले. १९४७ सालच्या ‘ऑल इंडिया रिपोर्टर’च्या नागपूर विभागात तो अगदी पहिल्या पानावर आहे, आणि तो ‘रिपोर्टर’ही नागपूरचाच.

खटल्याच्या नावातला ‘वऱ्हाड’ हा शब्द बुलढाण्याच्या वाचकाने नुसता वाचून सोडू नये. १९०३ पासून बुलढाणा जिल्हा वऱ्हाडाबरोबर मध्यप्रांताच्या कारभारात होता. १९३६ साली नागपूरला उच्च न्यायालय झाले, त्याच्याच छत्राखाली मलकापूर, मेहकर, चिखली, खामगाव इथली न्यायालये होती. म्हणजे देशभरच्या टीव्ही प्रेक्षकाची पारख कशी करायची हे ज्या वाक्याने पुढे ठरवले, ते आपल्या प्रांताच्या न्यायालयात, आपल्या सरकारविरुद्धच्या खटल्यात लिहिले गेले होते. टीव्ही तेव्हा भारतात यायचा होता. छापील मजकुराचा परिणाम कसा जोखायचा, हा त्या खटल्यातला प्रश्न होता. बोस यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा: समंजस, खंबीर मनाच्या आणि धीट माणसावर शब्दांचा काय परिणाम होईल ते पाहा. जो क्षणात डळमळतो, किंवा ज्याला प्रत्येक विरोधी मतात धोक्याचाच वास येतो, त्याच्या मनावरून मोजू नका.

हे वाक्य ‘तमस’पर्यंत कसे पोहोचले, आणि तिथून आज समाजमाध्यमांवर मुस्लिम पात्रांवरून जे रणकंदन माजते तिथपर्यंत कसे आले, हे उपलब्ध कागदपत्रांतून बऱ्यापैकी साखळी जुळवून सांगता येते. ती साखळी मुंबई-दिल्लीत आहे तशीच खानदेशात आणि वऱ्हाडातही आहे.

पहिली कडी मे १९७० ची. त्या महिन्यात भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीनंतर दंगल पेटली. लागलीच जळगावही पेटले. हे खानदेशातले जळगाव, आपले जळगाव जामोद नव्हे. पण मलकापूरहून भुसावळमार्गे रेल्वेने तिथे पोहोचायला फार वेळ लागत नाही, आणि तिथली बातमी मलकापूरच्या बाजारात त्याच दिवशी येत असणार. महाडलाही दंगल झाली. या तिन्ही ठिकाणच्या दंगलींची चौकशी न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या आयोगाने केली. त्या आयोगाचा अहवाल स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रातल्या सामाजिक इतिहासाच्या सर्वांत महत्त्वाच्या कागदांपैकी एक आहे, आणि तो वाचला जातो त्याहून कितीतरी जास्त वाचला जायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

भिवंडीच्या दंगलीनंतर तिथे गेलेल्यांत अभिनेते बलराज साहनी होते, आणि त्यांच्याबरोबर धाकटे भाऊ भीष्म साहनी. भीष्मजी रावळपिंडीचे. मार्च १९४७ मध्ये त्यांनी आपल्या शहरात जे पाहिले होते, ते भिवंडीची जळकी घरे आणि ओस गल्ल्या पाहून पुन्हा डोळ्यांपुढे उभे राहिले, आणि त्यातून ‘तमस’ लिहायला घेतली, असे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. कादंबरी १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात आली आणि १९७५ साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पंजाबच्या फाळणीची ही कादंबरी महाराष्ट्रातल्या एका यंत्रमागांच्या गावाने लिहून घेतली, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. पुढे मुंबईच्या न्यायालयात तिच्यावरून वाद झाला तेव्हा ही गोष्ट कुणाच्या ध्यानात होती की नव्हती, त्याने फरक पडत नाही. कागद तेच सांगतात.

कादंबरीतली मुस्लिम पात्रे नीट पाहिली की वाद कशावरून झाला ते कळते. सुरुवातीला एक मुस्लिम दलाल नथ्थू नावाच्या गरीब चांभाराला पैसे देऊन डुक्कर मारायला लावतो. तेच डुक्कर सकाळी मशिदीच्या पायऱ्यांवर सापडते. शाहनवाज नावाचा श्रीमंत माणूस आपल्या हिंदू मित्राच्या घरातले दागिने जिवावर उदार होऊन आणून देतो, आणि त्याच फेरीत त्या घरच्या नोकराला लाथ घालून जिन्यावरून खाली लोटतो. दोस्ती आणि द्वेष एकाच माणसात, एकाच तासात. दुसऱ्या बाजूला रणवीर नावाचा हिंदू मुलगा आहे. त्याच्या मनाची तयारी करण्यासाठी त्याचा गुरू त्याला आधी कोंबडी कापायला लावतो, आणि पुढे त्याच्या टोळीतला एक मुलगा रस्त्यावरच्या म्हाताऱ्या अत्तरवाल्याच्या पोटात सुरा खुपसतो.

आणि राजो. हरनामसिंग आणि बंतो हे म्हातारे शीख दांपत्य आपले दुकान सोडून रातोरात पळते आणि पहाटे एका अनोळखी गावात एका दारावर थाप मारते. दार मुसलमानाचे निघते. घरातले पुरुष लुटीला गेलेले. राजो त्यांना आत घेते, ताक देते, माळ्यावर लपवते. थोड्या वेळाने नवरा परत येतो तो एक मोठी ट्रंक घेऊन. ती ट्रंक हरनामसिंगचीच असते. सून कुलूप तोडायला लागते तेव्हा वरून म्हाताऱ्याचा आवाज येतो, की तोडू नका, किल्ली माझ्यापाशी आहे. लुटणारे घर आणि आसरा देणारे घर एकच. त्या घरातला तरुण मुलगा माळ्यावरच्या काफिराला मारायला कुऱ्हाड उचलतो. ओळख पटते, आणि हात खाली येतो. रात्री राजो त्या दोघांना गावाबाहेर सोडायला जाते आणि ट्रंकेतले बंतोचे दागिने तिच्या हातात ठेवते. मालिकेत हरनामसिंगचे काम खुद्द भीष्म साहनींनी केले, बंतोचे दीना पाठक यांनी आणि राजोचे सुरेखा सिक्री यांनी. राजोच्या भूमिकेसाठी सिक्रींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वनराज भाटियांच्या संगीतालाही मिळाला, आणि ‘तमस’ला राष्ट्रीय एकात्मतेसाठीचा नर्गिस दत्त पुरस्कार. हा सगळा तपशील ३५ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या यादीत आहे.

जानेवारी १९८८ मध्ये मालिका सुरू झाली. देशभर दिसणारी वाहिनी एकच होती, त्यामुळे ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी ‘तमस’. पहिल्या भागांनंतर दोन्ही बाजूंनी आवाज उठला. हिंदुत्ववादी संघटनांनी निदर्शने केली. त्यांचा आक्षेप असा, की दंगलीचे खापर हिंदूंवर फोडले आहे. निहलानींना धमक्या आल्या, पोलीस संरक्षण घ्यावे लागले. निहलानी स्वतः कराचीत जन्मलेले, लहानपणी फाळणीत घर सोडून आलेले. मराठी माणसाला ते ‘आक्रोश’ आणि ‘अर्धसत्य’मुळे, म्हणजे तेंडुलकरांच्या पटकथांमुळे, घरचेच वाटतात. दुसरीकडे मुंबईतल्या एका मुस्लिम रहिवाशाने उच्च न्यायालयात अर्ज केला, की या मालिकेने दोन समाजांत तेढ माजेल. एकल न्यायाधीशांनी तात्पुरती स्थगिती दिली.

दोन विरुद्ध टोकांच्या आक्षेपांतला एक समान धागा कागदपत्रांतून स्पष्ट दिसतो, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथेच आहे. ‘हे पाहून मी भडकेन’ असे कोणीच म्हणत नव्हते. भडकणार होता तो दुसरा. अशिक्षित, गावाकडचा, भोळा, सहज पेट घेणारा प्रेक्षक. त्याची स्वतःची साक्ष कुठे नव्हती, कारण रिट अर्जात सहसा साक्षीदार उभे करत नाहीत. पण सगळा युक्तिवाद त्याच्या नावाने चालला होता. मेहकर तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात, शेजाऱ्याच्या घरी जमिनीवर बसून दहा जणांत टीव्ही पाहणारा माणूस न्यायालयात हजर होता तो असा, दुसऱ्याच्या तोंडून आणि बदनाम होऊन.

स्थगितीविरुद्धचे अपील न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांच्यापुढे आले. लेंटिन हे नाव त्या काळात महाराष्ट्रात घरोघर माहीत झाले होते, जे. जे. रुग्णालयातल्या भेसळयुक्त ग्लिसरॉलच्या मृत्यूंची चौकशी त्यांनीच केली. या दोघांनी केले ते अगदी साधे, पण असल्या वादांत क्वचितच कोणी करते ते. त्यांनी सबंध मालिका बसून पाहिली. वगळलेले, तोडलेले, कुणी सांगितलेले तुकडे नव्हेत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. आणि स्थगिती उठवली.

त्यांच्या निष्कर्षांचा बराचसा भाग सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात उतरवून घेतला आहे, म्हणून तो आज सहज वाचायला मिळतो. मालिका दोन्ही समाजांतल्या माथेफिरूंना उघडे पाडते, निष्पाप माणसे त्यांच्या हातचे बाहुले कशी होतात ते दाखवते, एका कोवळ्या मुलाला हिंसेची चटक कशी लावली जाते ते दाखवते, असे त्यांनी म्हटले. आणि पुढे जे म्हटले, ते वऱ्हाडातल्या प्रत्येक शाळेच्या भिंतीवर असावे असे मला वाटते: अशिक्षित माणसाला अक्कल नसते असे नाही; माथेफिरूंचे कारस्थान डोळ्यांपुढे घडताना दिसले की ते त्यालाही कळते. जिच्या नावाने अर्ज केला होता त्या व्यक्तीची बाजू अखेर न्यायाधीशांनीच घेतली.

दिल्लीत अर्जदाराने यावर शेवटचा डाव टाकला. उच्च न्यायालयाचे न्यायाधीश शांत डोक्याचे, अनुभवी. सामान्य माणूस तसा नसतो, असा मुद्दा मांडला गेला. सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही. न्यायाधीशांनी सर्वसाधारण, निकोप आणि व्यवहारी नजरेने पाहिले आहे आणि तेच माप योग्य आहे, असा निर्वाळा दिला. त्या ओघातच बोस यांचे नागपूरचे वाक्य आले. जोडीला इंग्लंडच्या कायद्यातला क्लॅपहॅमच्या बसमधला सामान्य माणूसही आला. आमच्याकडे त्याला बुलढाणा–मलकापूर एसटीतला माणूस म्हणता येईल: घाट उतरताना शेजाऱ्याशी कापसाच्या भावावर बोलणारा, होळीला सैलानीच्या यात्रेला जाणारा आणि एकादशीला शेगावला.

नागपूरचा आणखी एक धागा याच निकालपत्रात आहे. पडद्याची ताकद इतर कलांपेक्षा जास्त, हे मान्य करून तरीही सेन्सॉरने स्वातंत्र्याच्या बाजूने पुरेशी मोकळीक ठेवली पाहिजे, हा विचार न्यायालयाने १९७० च्या ख्वाजा अहमद अब्बास खटल्यातून घेतला. अब्बास यांच्या माहितीपटावरून उभा राहिलेला तो खटला, आणि तो निकाल सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला यांचा. हिदायतुल्ला नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकले, नागपूर उच्च न्यायालयात न्यायाधीश झाले आणि १९५४ मध्ये मुख्य न्यायाधीशही झाले. म्हणजे ‘तमस’ ज्या दोन जुन्या निकालांवर तगली, ते दोन्ही लिहिणारी माणसे एकाच न्यायालयात घडलेली. प्रांतरचना बदलली, १९५६ मध्ये ते न्यायालयही मिटले, पण त्याचे संस्कार असे शिल्लक राहिले.

निकालपत्राचा एक परिच्छेद मुस्लिम पात्रांच्या चित्रणाविषयी आज चाललेल्या वादाला थेट लागू पडतो. हिंसेच्या प्रसंगांनी मनात काही भावना उसळू शकतात, हे न्यायालय नाकारत नाही. पण धर्माची कुंपणे ओलांडून केलेली मदत, माया, सोबत दाखवणारे प्रसंगही मनावर तितकाच खोल आणि टिकणारा ठसा उमटवतात, असे ते पुढे म्हणते. राजोचे नाव तिथे नाही. मला मात्र तो परिच्छेद वाचताना ती ट्रंक आठवल्याशिवाय राहत नाही. आणि यातून निघणारी वाचनाची पद्धत महत्त्वाची आहे. किती मुसलमान चांगले दाखवले आणि किती वाईट, अशी बेरीज-वजाबाकी न्यायालयाने केलेली नाही. कलाकृती सबंध पाहायची आणि ती कुठे नेऊन सोडते ते पाहायचे, एवढेच. शाहनवाजला चांगल्याच्या रकान्यात टाकाल की वाईटाच्या?

मराठी पडद्याला हे शहाणपण नवे नव्हते. प्रभातने १९४१ मध्ये ‘शेजारी’ काढला, विश्राम बेडेकरांच्या कथेवर, शांतारामबापूंच्या दिग्दर्शनाखाली. जिवबा पाटील आणि मिर्झा या दोन म्हाताऱ्या दोस्तांत धरण बांधणारा ठेकेदार फूट पाडतो, ही त्याची गोष्ट. मराठीत पाटील केशवराव दाते झाले आणि मिर्झा गजानन जहागीरदार. हिंदीतल्या ‘पडोसी’त मिर्झा जहागीरदारच राहिले आणि हिंदू ठाकूर झाले मजहर खान. पाकिस्तानचा ठराव होऊन वर्षही झाले नव्हते, तेव्हा ही श्रेयनामावली पुण्यात तयार होत होती.

आज बुलढाण्याच्या घराघरांत मुस्लिम पात्रे येतात ती मुख्यतः ऐतिहासिक मालिकांतून. त्यांतल्या कितीतरी मालिकांची सुरुवात या जिल्ह्यातच होते, कारण जिजाऊंचे माहेर सिंदखेडराजा. पण मालिकांतला खान बहुतेकदा एकाच साच्याचा असतो: डोळ्यांत सुरमा, गडगडाटी हसू, समोर मांसाचे ताट. सिंदखेडराजाचे दगड मात्र वेगळेच सांगतात. लखुजी जाधवराव निजामशाहीचे मातब्बर सरदार. मोगलांकडे गेले, पुन्हा परतले, आणि १६२९ मध्ये देवगिरीच्या दरबारात मुलांसह दगा होऊन मारले गेले. त्यांची समाधी सिंदखेडराजाला आहे, आणि तिचा घुमट, तिच्या कमानी त्या काळच्या दख्खनी मुस्लिम इमारतींच्याच घडणीच्या आहेत. ज्यांनी दगा केला त्यांच्याच काळाच्या वास्तुशैलीत मारल्या गेलेल्याचे स्मारक. शिवछत्रपतींच्या आजोबांनी, मालोजीराजांनी, नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि मुलांची नावे त्यावरून शहाजी व शरीफजी ठेवली, ही परंपरा मराठ्यांच्या जुन्या लेखनातच आहे. इतका गुंतलेला इतिहास एका सुरम्याच्या डोळ्यात मावत नाही. प्रेक्षकाला तो झेपणार नाही असे मानणारा लेखक १९८८ च्या अर्जदाराच्याच रांगेत उभा आहे, असे मला वाटते.

सिंदखेडराजाचा आणि नागपूरच्या वाक्याचा संबंध आणखी एकदा आला, आणि तो दुखरा आहे. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकात जिजाऊंविषयी जे छापले गेले, त्याने लोक मनापासून दुखावले, आणि ते दुःख खरे होते. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यात भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. पाठोपाठ प्रकाशकांवर गुन्हा दाखल झाला. ‘मंजर सईद खान विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २००७ रोजी तो गुन्हा रद्द केला. समाजांत वैर पेरण्याचा हेतू हा भारतीय दंड संहितेच्या १५३-अ कलमाचा गाभा आहे, असे त्याने सांगितले, आणि शब्दांचा परिणाम कुणाच्या मनावरून मोजायचा यासाठी पुन्हा बोस यांचाच आधार घेतला. ७ मार्च २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकाच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरच्या गुन्ह्यातही तेच वाक्य आले. छापखान्यासाठी लिहिलेले माप आता मोबाइलला लागू झाले होते.

त्याच्या आधीच्या वर्षी आमच्या शेजारच्या जिल्ह्याने उलट चित्र दाखवले. ‘द केरला स्टोरी’ ५ मे २०२३ रोजी प्रदर्शित झाला. १३ मेच्या रात्री अकोल्याच्या जुन्या शहरात दगडफेक, जाळपोळ झाली, एकाचा जीव गेला, जमावबंदी आली, इंटरनेट बंद झाले. त्या वेळच्या बातम्यांनुसार ठिणगी पडली ती या चित्रपटावरून इन्स्टाग्रामवर झालेल्या संभाषणातून. पाच दिवसांनी, १८ मे रोजी, सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालमधली बंदी स्थगित केली. आणि निर्मात्यांना पडद्यावर लिहायला लावले, की धर्मांतरित मुलींच्या ३२,००० या आकड्याला अधिकृत आधार नाही आणि चित्रपट काल्पनिक आहे. एकाच आदेशात दोन्ही गोष्टी आहेत: चित्रपट चालू द्या, आणि बनावट आकडा उघडा पाडा. समाजमाध्यमांवर प्रत्येक बाजूने आपल्या सोयीचा अर्धा भागच फिरवला.

मग २०२५. शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरचा ‘छावा’ १४ फेब्रुवारीला आला. संभाजी महाराजांच्या अखेरच्या यातना पाहून चित्रपटगृहांत रडणाऱ्या लोकांचे व्हिडिओ गावोगाव फिरले. ते रडणे खोटे नव्हते. मार्चमध्ये आमच्या उत्तर सीमेपलीकडे, बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या असीरगडच्या पायथ्याशी, लोक रात्री विजेऱ्या आणि धातुशोधक घेऊन शेते खणू लागले, कारण बुऱ्हाणपुरात मोगलांचा खजिना असल्याचे पडद्यावर पाहिले होते. चित्रपटाला दस्तऐवज मानले की असे होते. १७ मार्चला नागपुरात औरंगजेबाच्या कबरीवरून निघालेल्या आंदोलनानंतर दंगल उसळली. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत ‘छावा’चा उल्लेख केला; औरंगजेबाविषयीचा लोकांचा राग त्या चित्रपटाने पुन्हा जागा केला, असे सांगून त्यांनी संयमाचे आवाहन केले. विधिमंडळाच्या कामकाजात पुन्हा एकदा भडकणारा प्रेक्षक अवतरला. पण दंगलीसाठी जमाव लागतो, जमावाला जमवणारे लागतात, अफवा पसरवणारे लागतात. ही मधली माणसे चित्रपटाचे नाव घेतले की नजरेआड होतात. ‘तमस’मध्ये डुक्कर मारायला सांगणारा माणूस शेवटी अमन कमिटीच्या गाडीत बसून शांततेच्या घोषणा देतो. मादन अहवालापासून आजपर्यंत शोधायचा असतो तो हाच माणूस.

नागपूरच्या दंगलीला अकरा दिवस झाले, आणि २८ मार्च २०२५ रोजी नागपूरचे वाक्य पुन्हा सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आले. महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेले काँग्रेसचे खासदार, उर्दू कवी इम्रान प्रतापगढी यांनी एका व्हिडिओला पार्श्वभूमीवर कविता जोडून तो समाजमाध्यमावर टाकला होता, त्यावरून जामनगरला गुन्हा नोंदवला गेला होता. न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्जल भुयान यांनी तो रद्द केला. डळमळत्या मनाच्या किंवा प्रत्येक टीकेत हल्ला पाहणाऱ्या माणसाच्या मापाने शब्द जोखता येणार नाहीत, हे त्यांनी बोस यांच्या आधारे पुन्हा सांगितले.

पण या निकालाने एक पाऊल पुढे टाकले आहे, आणि ते थेट पोलीस ठाण्यात पडते. तीन वर्षे किंवा त्याहून जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) प्रमाणे आधी प्राथमिक चौकशी करता येते. ती उपअधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने करायची आणि १४ दिवसांत संपवायची असते. बोलण्या-लिहिण्यावरून तक्रार आली तर ही वाट सर्वसाधारणपणे वापरावी, आणि शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या माणसाच्या मापाने पोलिसांनीही पाहावा, असे न्यायालयाने म्हटले आहे. तेव्हा एखाद्या मालिकेतल्या खानावरून किंवा मौलवीवरून कुणी टाकलेल्या पोस्टचा स्क्रीनशॉट घेऊन उद्या मेहकरच्या किंवा मलकापूरच्या ठाण्यात माणसे आली, तर ठाणेदाराने बाहेरच्या गर्दीकडे पाहून गुन्हा नोंदवायचा नाही. पोस्ट सबंध वाचायची, उपविभागीय पोलीस अधिकाऱ्याची परवानगी मागायची, आणि चौदा दिवसांत ठरवायचे, की एसटीतून रोज जाणारा-येणारा शहाणा माणूस हे वाचून काय करेल.